गोतसभा

गोतसभा : मध्ययुगीन महाराष्ट्रात गाव व परगणा या पातळ्यांवर वतन, जमीन, शीव व मानपान यांविषयीचे तंटे निवडणारी वतनदारांची सभा. ‘गोत’ हा शब्द ‘गोत्र’ या संस्कृत शब्दावरून आला असला, तरी येथे त्याचा अर्थ एका कुळातील नातलग एवढाच नाही. एका गावात किंवा परगण्यात ज्यांची वंशपरंपरागत वतने असत, अशा निरनिराळ्या जातींच्या सर्व हक्कदारांचे मिळून गोत होई. कुल, श्रेणी व पूग या स्थानिक न्यायसभांचा उल्लेख याज्ञवल्क्य स्मृतीत आढळतो. त्यांच्याशी गोतसभेचे साम्य असले, तरी तिची घडण वतनपद्धतीतून झाली होती. निजामशाही, आदिलशाही व शिवकाल या काळांतील कागदपत्रांत तिचे चित्र सर्वांत ठळकपणे दिसते. अठराव्या शतकात तिची जागा बऱ्याच अंशी पंचायतीने घेतली आणि १८१८ मध्ये इंग्रजी अंमल सुरू झाल्यानंतर ती हळूहळू लयास गेली.

गाव, वतन आणि गोत : गोतसभेचे स्वरूप समजण्यासाठी तत्कालीन गावाची घडण लक्षात घेणे आवश्यक आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील देशावर पाऊस कमी व अनिश्चित असतो. त्यामुळे पाण्याच्या आश्रयाने एकवट वसलेले आणि पुष्कळदा गावकूस व वेस असलेले गाव ही तेथील वस्तीची सामान्य रीत होती. घरे ज्या जागेवर असत तिला ‘पांढरी’ व लागवडीच्या जमिनीला ‘काळी’ असे म्हणत. कोकणात वस्ती वाड्यांतून विखुरलेली असे आणि तेथील गावकारभारात खोतास विशेष महत्त्व होते. म्हणून पुढील वर्णन मुख्यतः देश व मावळ या भागांना लागू पडते.

गावाचा प्रमुख पाटील किंवा मोकदम हा असे. सरकारी वसूल गोळा करणे, पडीक जमीन लागवडीस आणणे व गावाचा बंदोबस्त राखणे ही त्याची कामे होती. चौगुला त्याचा मदतनीस असे आणि कुलकर्णी जमिनीचे व वसुलाचे हिशेब ठेवी. शेतकऱ्यांत दोन वर्ग होते : जमिनीवर वंशपरंपरेने हक्क असलेले मिरासदार आणि बाहेरून येऊन सरकारी किंवा दुसऱ्याची जमीन कसणारे उपरी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग, गुरव, जोशी इ. बलुतेदार गावाची ठराविक कामे करीत व सुगीच्या वेळी त्यांना धान्याच्या रूपाने बलुते मिळे. बारा ही संख्या रूढ असली, तरी बलुतेदारांची यादी स्थलपरत्वे बदलत असे. गावांच्या समूहाचा परगणा होई. त्यावर देशमुख व देशपांडे हे वतनदार असत. पेठेचा कारभार शेटे व महाजन यांच्याकडे असे.

‘वतन’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ जन्मभूमी असा आहे. महाराष्ट्रात मात्र एखादे काम, त्याबद्दलचे उत्पन्न व त्यासोबतचा मान यांवरील वंशपरंपरागत हक्क असा अर्थ त्यास प्राप्त झाला. होळीची पहिली पोळी कोणी वाहावी, सणाच्या दिवशी मानाचा विडा प्रथम कोणास द्यावा, यांसारख्या गोष्टीही वतनाचाच भाग असत. वतनाची वाटणी होई, ते गहाण पडे व विकलेही जाई. परंतु असा व्यवहार गोताच्या साक्षीने झाला, तरच तो पुढे टिके. जमिनीची सरकारी मोजणी सर्वत्र झालेली नव्हती. कुलकर्ण्याचे दप्तर व राजाच्या सनदा हे लेखी पुरावे असत. पण ते आगीत, लुटीत किंवा वाळवीने नष्ट होत. १६३०–३२ च्या दुष्काळासारख्या आपत्तीत व वारंवारच्या स्वाऱ्यांत गावेच्या गावे ओस पडत. परागंदा झालेला मिरासदार किंवा त्याचा मुलगा अनेक वर्षांनी परत येई, तेव्हा त्याचे शेत दुसराच कसत असे. अशा वेळी हक्क कोणाचा, हे सांगणारी गावाची सामूहिक स्मृती गोताजवळ असे. गोतसभेच्या अधिकाराचा खरा पाया हाच होता. राजाज्ञेचे बळ त्यास नंतर मिळे.

रचना : गावच्या गोतसभेत पाटील, चौगुला, कुलकर्णी, मिरासदार व बलुतेदार बसत. पाटीलकीसारख्या मोठ्या वतनाचा वाद असला, म्हणजे शेजारच्या गावांचे मोकदमही बोलावले जात. परगण्याच्या सभेत देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन व गावोगावचे पाटील असत. सरकारी अधिकारी सभेस हजर असले, तर तिला सामान्यतः ‘मजालस’ म्हणत. हवालदार, सुभेदार यांसारखे अधिकारी व सुलतानी अमलात काजीही तेथे उपस्थित राहत. सरकारास ‘दिवाण’ असा शब्द असल्यामुळे गोत व दिवाण यांचा जोडीने उल्लेख कागदपत्रांत येतो. काजी व हिंदू वतनदार एकत्र बसून पाटीलकीचा निवाडा करीत, तसेच मुलाण्यासारखे मुसलमान हक्कदार गावच्या गोतात मोडत, ही गोष्ट या संस्थेचे स्वरूप धार्मिक नसून वतनी होते हे दर्शविते. जातीच्या आचारविषयक प्रश्नांचा निर्णय त्या त्या जातीची सभा करी. प्रायश्चित्तासारख्या धर्मशास्त्रीय बाबी ब्रह्मसभेकडे जात. पैठणसारख्या क्षेत्रांतील ब्रह्मसभांना त्या बाबतीत मोठा मान होता. या दोहोंपासून गोतसभा वेगळी मानली पाहिजे.

कार्यपद्धती : वाद प्रथम आणणाऱ्यास ‘अग्रवादी’ व उत्तर देणाऱ्यास ‘पश्चिमवादी’ म्हणत. सभेचा निर्णय मान्य करू, असे दोन्ही पक्षांकडून आरंभीच लिहून घेत; या लेखास ‘राजीनामा’ म्हणजे राजीखुशीचा लेख असे नाव होते. आज पद सोडण्याच्या पत्रास हा शब्द वापरला जातो. मूळ अर्थ मात्र संमतीचा होता. राजीनाम्याबरोबर जामीनही घेतला जाई. त्यानंतर प्रत्येक पक्ष आपली ‘तकरीर’ देई किंवा वतनाची पूर्वपीठिका सांगणारा ‘करीना’ सादर करी. सनदा, खरेदीपत्रे व पूर्वीचे निवाडे तपासले जात आणि वृद्ध व माहीतगार लोकांच्या साक्षी होत. देवाच्या किंवा नदीच्या ठिकाणी शपथ घेऊन साक्ष देण्याची रीत होती. आपल्या गावचे गोत पक्षपाती आहे असे एखाद्या पक्षास वाटल्यास त्यास दुसरे ‘थळ’, म्हणजे दुसऱ्या गावची वा परगण्याची सभा मागता येई. आपली बाजू ऐकणारी सभा निःपक्षपाती असावी, हा आग्रह त्या काळीही होता, असे यावरून दिसते.

शिवेच्या तंट्यात गावच्या महाराची साक्ष विशेष प्रमाण मानली जाई. गस्त घालणे, शिवेवर लक्ष ठेवणे व सरकारी कामासाठी गावोगाव जाणे ही त्याची वतनी कामे असल्याने सीमेच्या खुणा त्यास माहीत असत. वादग्रस्त शिवेवरून शपथपूर्वक चालत जाऊन तो जी वाट दाखवी, ती कित्येकदा दोन गावांची हद्द ठरे.

पुराव्याने निर्णय होईना, तेव्हा दिव्याचा अवलंब होई. उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा हाताने काढणे, यास ‘रवा दिव्य’ म्हणत. तापलेले लोखंड हातात धरणे हा दुसरा प्रकार होता. दिव्यापूर्वी हात तपासून त्यांवरील खुणा लिहून ठेवीत. नंतर हात पिशवीत बांधून तिला मोहर करीत आणि ठरल्या दिवशी सभेपुढे ती उघडून हात पाहत. दिव्य हे न्यायदानाचे अतार्किक साधन होते, यात शंका नाही. मात्र ते सर्रास वापरले जात नसे. लेखी व तोंडी पुरावा अपुरा पडल्यानंतरच त्याकडे वळण्याची प्रवृत्ती कागदपत्रांत दिसते.

महजर व निवाड्याचा अंमल : सभेचा निर्णय ज्या लेखात नमूद होई, त्यास ‘महजर’ म्हणत. त्यात आरंभी काळ व स्थळ, मग ‘हाजीर मजालस’ म्हणून उपस्थितांची दर्जानुसार नावे, वादाची हकीकत, पुरावा व शेवटी निवाडा असा क्रम असे. कालगणना बहुधा शुहूर सनात असे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले असता इसवी सन येतो. उपस्थितांपैकी लिहिता न येणारे हक्कदार आपल्या धंद्याच्या साधनाची आकृती काढीत. पाटलाच्या नावाजवळ नांगराची निशाणी असे. महजर हा एकाच वेळी निवाडा, साक्षीदारांची यादी व मालकीहक्काचा दाखला असे. म्हणूनच वतनदार घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला.

हरणारा पक्ष ‘येजितखत’ लिहून आपला पराभव व यापुढे दावा न करण्याची हमी देई. जिंकणारा ‘हरकी’ म्हणून व हरणारा ‘गुन्हेगारी’ म्हणून सरकारात रक्कम भरी. गोताजवळ स्वतःचे शिपाई नव्हते. निर्णय न मानणाऱ्यास गोतातून बाहेर काढणे, म्हणजे त्याच्याशी पंक्तिव्यवहार व लेनदेन बंद करणे, हे त्याचे प्रमुख हत्यार होते. ज्या समाजात न्हावी, सुतार व पुरोहित हे सर्व त्याच गोतातले असत, तेथे ही शिक्षा अतिशय जाचक ठरे. याखेरीज निवाड्याची अंमलबजावणी दिवाणाच्या बळावर होई.

गोत आणि राजसत्ता : गोतसभा सरकारच्या नियंत्रणाबाहेर होती, अशी कल्पना पुराव्याला धरून नाही. वाद पुष्कळदा दिवाणाकडे प्रथम येई व दिवाण तो गोताकडे पाठवी. निवाड्यानंतर सरकारी शिक्का लागे. गंभीर गुन्ह्यांत राज्यकर्ता थेट हस्तक्षेप करी. पुणे परगण्यातील रांझे गावच्या मोकदमाने बदअंमल केल्याबद्दल त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाल्याचा व त्याची पाटीलकी त्याच्या गोतातील दुसऱ्यास दिल्याचा उल्लेख शिवाजी महाराजांच्या १६४६ मधील पत्रात आहे. वतनदार किती प्रबळ होते, हे रामचंद्रपंत अमात्याच्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रावरून कळते. वतनदार हे छोटे राजेच असून त्यांना न दुखविता, पण आटोक्यात ठेवून राज्य चालवावे, असा त्यातील उपदेशाचा आशय आहे. राज्ये बदलली, तरी वसुलासाठी प्रत्येक राज्यकर्त्यास देशमुख व पाटील यांची गरज लागे आणि आपले वतन कायम राहण्यासाठी वतनदारास राजाचा शिक्का हवा असे. गोत व दिवाण यांचे संबंध अशा परस्परगरजेचे होते.

ऱ्हास : अठराव्या शतकात पेशव्यांचे प्रशासन पुणे येथे केंद्रित झाले. मोठ्या गोतसभेऐवजी सरकारने किंवा पक्षकारांनी नेमलेल्या थोड्या पंचांची पंचायत तंटे निवडू लागली. पुण्यास न्यायाधीशाचे पद होते. रामशास्त्री प्रभुणे (मृ. १७८९) यांच्या कारकीर्दीत त्यास मोठी प्रतिष्ठा लाभली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनचा कमिशनर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीची चिकित्सा केली. दिरंगाई, पंचांना हजर करण्याची अडचण व लाचलुचपत हे तिचे दोष त्याने दाखविले. तरीही ती लोकांच्या परिचयाची व विश्वासाची असल्याने सुधारून टिकवावी, असे त्याचे मत होते. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर असताना १८२७ मध्ये मुंबई इलाख्याचे कायदे संहितारूपाने जारी झाले व दिवाणी-फौजदारी न्यायालयांचा पाया घातला गेला. पंचायतीकडे येणारे तंटे त्यानंतर कमी होत गेले.

या ऱ्हासाचे कारण केवळ न्यायालये हे नव्हते. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी जमिनीच्या मोजणीची व आकारणीची जी पद्धत सुरू केली, ती पुढे मुंबई इलाख्यात पसरली. प्रत्येक शेतास क्रमांक, नकाशा व खातेदार मिळाला. जमीन कोणाची, हे सांगण्यासाठी गोताच्या स्मृतीची आवश्यकता उरली नाही. सरकारचा संबंध थेट खातेदाराशी जोडला गेला आणि गोताच्या अधिकाराचा पायाच निघून गेला.

साधने व संशोधन : वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. १९१० मध्ये पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. या प्रयत्नांमुळे देशमुख, देशपांडे व पाटील घराण्यांच्या दप्तरांतील महजर प्रकाशात आले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी गावगाडा (१९१५) या ग्रंथात वतनी गावाचे प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेले व परखड वर्णन केले. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील इंग्रजी ग्रंथ (१९५३) या विषयाचा पायाभूत अभ्यास होय. हिरोशी फुकाझावा व हिरोयुकी कोतानी या जपानी अभ्यासकांनीही वतन व ग्रामसमाज यांचा सूक्ष्म विचार केला आहे. ही साधने वापरताना दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. वतनावर मोठे उत्पन्न अवलंबून असल्याने बनावट कागद तयार करण्याचा मोह होई. दुसरे असे, की जपून ठेवलेले कागद हे वतनदारांचे आहेत. ज्यांना वतनच नव्हते, त्यांची बाजू त्यांत क्वचितच येते.

मर्यादा व मूल्यमापन : चार्ल्‌स मेटकाफ याने १८३० मध्ये उत्तर भारतातील खेड्यांविषयी लिहिताना ती जवळजवळ स्वयंपूर्ण अशी छोटी प्रजासत्ताके आहेत, असे मत मांडले. ते पुढे सर्व भारतास लावले गेले व राष्ट्रीय चळवळीच्या काळात प्राचीन ग्रामस्वराज्याचा पुरावा म्हणून मान्यता पावले. महाराष्ट्रातील गोतसभेचा पुरावा या मताला अंशतःच पुष्टी देतो. सर्वांसमक्ष चर्चा, दोन्ही बाजू ऐकणे, थळ बदलून मागण्याचा हक्क, लेखी निवाडा व त्यावर सर्व हक्कदारांच्या निशाण्या या गोष्टी स्थानिक स्वशासनाची खरी सवय दर्शवितात. निवाड्यावर पाटलाच्या नांगराशेजारी बलुतेदाराची निशाणी येई, ही गोष्टही लहान नाही.

परंतु गोतात बसण्याचा अधिकार जन्माने मिळे. उपरी शेतकरी, भूमिहीन मजूर व भटके लोक गावात राबत असूनही गोताबाहेर होते. स्त्रियांची नावे वतनाच्या वादात पक्षकार म्हणून येतात. निर्णय करणारी सभा मात्र पुरुषांची असे. शिवेच्या वादात महाराची साक्ष अखेरची मानणारे गोत त्यास वेशीबाहेर ठेवी व अस्पृश्य मानी. बलुत्याचा हक्क त्यास वतनदार बनवी आणि तेच वतन त्याला अल्प मोबदल्याच्या राबणुकीत बांधून ठेवी. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत अधिकारपदांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. त्यामागे महार वतनाच्या जाचातून सुटका हा हेतू होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांच्या गौरवावर त्यांनी जी कठोर टीका केली, तिच्या मुळाशी हाच अनुभव होता. राज्यघटनेच्या ४० व्या अनुच्छेदाने ग्रामपंचायतींच्या संघटनेचा निर्देश केला. पण घटनेचा मूळ घटक खेडे नसून व्यक्ती हाच राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळात वतनपद्धती टप्प्याटप्प्याने नष्ट करण्यात आली : परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या, कनिष्ठ ग्रामवतने १९५८ च्या आणि मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने व १९९३ मध्ये अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस कायद्याचे अधिष्ठान दिले. गावच्या मतदारयादीतील प्रत्येक स्त्री-पुरुष तिचा सदस्य असतो. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्मी पदे २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. जातपंचायतींच्या हाती राहिलेल्या वाळीत टाकण्याच्या जुन्या हत्याराविरुद्ध राज्याने सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा (२०१६) केला.

पंचायत हे नाव जुने असले, तरी आजच्या ग्रामसभेस गोतसभेची वारस म्हणता येईल ते एकाच अर्थाने : गावचा प्रश्न गावकऱ्यांनी एकत्र बसून, सर्वांसमक्ष व लेखी निर्णयाने सोडवावा, ही रीत दोहोंत समान आहे. गोतसभेत तो अधिकार वतनामुळे मिळे. ग्रामसभेत तो नागरिकत्वामुळे मिळतो. ग्रामसभा भरते, पण तिच्यात काही घराण्यांचाच शब्द चालतो, अशी स्थिती जेथे असेल, तेथे वतन कायद्याने गेले तरी गोताची जुनी चौकट शिल्लक आहे, असे समजावे लागते.